रांगेतून परत पाठवलेला माणूस

अल्लाह माफ करतो, याबद्दल उस्तादाच्या मनात कधी तिळभर शंका नव्हती. त्याला शंका असायची ती दुसऱ्यांच्या वुझूबद्दल.

उस्ताद म्हणजे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या एका मोठ्या गॅरेजमधला मुख्य पेंटर. ठोकर खाऊन आलेली गाडी आधी डेंटरकडे जायची. तो हातोडीने पत्रा सरळ करायचा, उरलेले खड्डे पुट्टीने भरायचा. मग घासकाम, मग प्रायमर आणि सगळ्यात शेवटी उस्तादाची स्प्रे गन. त्याने रंगवलेला दरवाजा जुन्या दरवाजाशेजारी उभा केला तर नवा कोणता ते ओळखू यायचं नाही. ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत सांगायचा हे खरं, पण ती खोटी नव्हती. रंगाच्या आधी तो पत्र्यावरून उघडा तळहात फिरवायचा आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटांनी शोधून काढायचा. "पुन्हा घासा," म्हणायचा. घासकाम करणारे दोघे भाऊ मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि पुन्हा घासायचे.

नमाजेच्या बाबतीतही तेच. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज सगळे गॅरेजमध्येच पढायचे. टायरच्या खोलीत एका बाजूला चटया अंथरलेल्या असत. सातजण जमायचे आणि उस्ताद पुढे उभा राहून नमाज पढवायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं. पण पाठांतर त्याचं सगळ्यांत पक्कं होतं, उच्चार स्वच्छ होते आणि पुढे व्हायला त्याला कधी दुसऱ्यांदा बोलवावं लागत नसे.

नमाजेआधी वुझू करायचा असतो. तोंड, कोपरापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा. पाणी कातडीला लागलं पाहिजे ही त्यातली अट. मध्ये रंगाचा, लाखेचा, डिंकाचा थर असेल तर खालची जागा कोरडी राहते. जागा कोरडी तर वुझू अपुरा आणि वुझू अपुरा तर नमाज झालीच नाही. शाळामास्तराला हा नियम वर्षातून एकदा आठवत असेल. गाड्या रंगवणाऱ्यांना तो रोज आठवावा लागतो, आणि ज्याला आठवत नसेल त्याला आठवण करून द्यायला उस्ताद होताच. रांग लागली की तो मागे वळून एकेकाचे हात बघायचा. गाड्यांची वायरिंग करणारा एकजण होता, लगेच तापायचा म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत. तो उस्तादाला पाठीमागे 'तपासणी नाका' म्हणायचा. समोर म्हणायची अर्थातच त्याची छाती नव्हती.

त्या गुरुवारी रांगेच्या टोकाला एक आठवा माणूस येऊन उभा राहिला. तो डेंटर होता.

सगळ्यांनी माना वळवून बघितलं. डेंटर साठीला आलेला, उस्तादापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. पत्रा ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे गॅरेजमध्ये त्याच्याशी कुणाचं खाजगी असं काही बोलणंच होत नसे. नमाजेच्या वेळी तो कधी आला नव्हता. कुणी बोलावलं तर हात हलवून नको म्हणायचा आणि ठोकत राहायचा. आज तो धुतलेला सदरा घालून आला होता. बाह्यांवरून अजून पाणी गळत होतं. खरं तर उस्तादाने दोन पावलं पुढे होऊन त्याला मिठी मारायला हवी होती. पण उस्तादाची नजर सवयीने गेली ती त्याच्या बोटांवर.

"भाऊ, हात दाखवा," उस्ताद मोठ्याने म्हणाला.

डेंटरने हात पुढे केले. बोटं घासून घासून लाल झाली होती, दोन ठिकाणी सोलवटली होती. पण तीन नखांच्या मुळाशी राखाडी पुट्टी घट्ट बसलेली दिसत होती.

"हे काय?"

"पुट्टी. निघत नाही ती. दुपारपासून घासतोय."

"निघत नाही म्हणजे? थिनर आहे, ब्रश आहे. भाऊ, नखाएवढी जागा कोरडी राहिली तरी वुझू नाही. आणि वुझू नाही तर नमाज नाही. जा, काढून या."

डेंटरला ऐकू जावं म्हणून तो हे ओरडून बोलला. टायरच्या खोलीतच काय, बाहेर पेट्रोलच्या टाक्या उतरवणाऱ्यांनाही ते ऐकू गेलं. डेंटरने स्वतःच्या नखांकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. "बरं," म्हणाला आणि चपला पायात न घालता हातात घेऊनच बाहेर गेला.

"थांबायचं का दोन मिनिटं?" फ्यूजने विचारलं.

"वेळ कुणासाठी थांबत नसते," उस्ताद म्हणाला आणि पुढे तोंड करून त्याने नमाज सुरू केली.

असरला चार रकात, म्हणजे नमाजेच्या चार फेऱ्या असतात. दोन झाल्या की मध्ये थोडं बसायचं, हात मांड्यांवर ठेवायचे, नजर खाली. उस्ताद बसला, त्याने नजर खाली केली आणि वरच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात त्याला आपल्या डाव्या मनगटावर काहीतरी चकाकताना दिसलं. मसुरीच्या डाळीएवढा ठिपका. क्लिअर! रंगावर शेवटी मारतात तो पारदर्शक लॅकर. सकाळी बॉनेटवर मारताना हातमोजा फाटला होता, तेव्हा उडाला असणार. ओल्या हातावर सगळंच चकाकतं म्हणून वुझू करताना तो दिसला नाही. आता हात सुकला होता आणि दिसत होता.

पुढे काय करायचं हे उस्तादाला माहीत नव्हतं असं नाही. त्यानेच हे सगळ्यांना शिकवलं होतं. नमाज तिथेच सोडायची, मागे वळून सांगायचं की माझा वुझू नाही, आणि बाहेर जायचं. त्यात पाप नाही, लाजही नाही, हेसुद्धा त्यानेच शिकवलं होतं. पण म्हातारा माणूस नुकताच हातात चपला घेऊन बाहेर गेला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या माणसाने आपल्या डोळ्यातलं मुसळ सात जणांना दाखवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. उस्तादाचे कान तापले. 'अल्लाहु अकबर' म्हणून तो तिसऱ्या रकातीसाठी उभा राहिला. सातही जण त्याच्या मागे उभे राहिले.

चौथी रकात झाली. उजवीकडे सलाम, डावीकडे सलाम. लोक उठून कामाला गेले. उस्तादाने मोरीत जाऊन नखाने तो ठिपका खरवडला. तो एका झटक्यात निघाला. त्याने पुन्हा वुझू केला आणि रंगाच्या बूथमध्ये दार लावून एकट्याने असर पढली. त्याची नमाज झाली. मागच्या सातजणांची मात्र राहिली होती, आणि ही गोष्ट जगात त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

डेंटर त्या दिवशी परत आलाच नाही.

संध्याकाळी घरी उस्तादाने तौबाची नमाज पढली. चूक झाली की दोन रकात पढायच्या, चूक कबूल करायची, पुन्हा करणार नाही म्हणायचं आणि माफी मागायची. मागण्याच्या बाबतीत उस्ताद कधीच संकोची नव्हता. त्याने कपाळ जमिनीला टेकवलं, सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणीही आलं. आकाशाला भिडतील एवढी पापं घेऊन आलास तरी परत पाठवणार नाही, असं ज्याचं सांगणं आहे, त्याच्यापुढे मसुरीच्या डाळीएवढ्या ठिपक्याची काय कथा! उस्ताद हलक्या मनाने उठला आणि पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी असरची वेळ झाली. सगळे म्हणाले, "उस्ताद, चला पुढे." आणि उस्तादाचं पाऊल काही पुढे पडेना.

"घसा बसलाय," तो म्हणाला. "फ्यूज, तू पढव."

तिसऱ्या दिवशी पाठ धरली. चौथ्या दिवशी पुन्हा घसा. पाचव्या दिवशी फ्यूज म्हणाला, "उस्ताद, तुमचा घसा फक्त असरलाच बसतो. बाकी दिवसभर आम्हाला झापायला अगदी खणखणीत असतो." सगळे हसले. उस्तादही हसला, पण वरवर.

रोज संध्याकाळी तो घरी तौबाच्या दोन रकात पढत राहिला. माफी मिळाली आहे याची त्याला खात्री होती. तरी तो रोज मागतच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो स्वतःला समजावायचा. सांगून काय होणार? सात माणसांचा विश्वास जाईल, फिदीफिदी हसतील. आणि डेंटर? डेंटर आता असरच्या वेळी कॉम्प्रेसरच्या पलीकडे पाठ करून बसायचा आणि पत्रा ठोकायचा. पूर्वीही ठोकायचाच. पण पूर्वी तोंड इकडे असायचं.

आठव्या दिवशी बायकोने विचारलं. ती शाळेत शिकवायची. वह्यांचा गठ्ठा तपासता तपासता, लाल पेन खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, कुणाचा खून-बिन करून आलात का?"

"काहीतरी काय बोलतेस?"

"आठवडाभर बघतेय. रोज दोन रकात जास्तीच्या. सजद्यात कपाळ टेकवलंत की भाजी गार होईपर्यंत उठत नाही. आणि उठलात की घरात कुणाशी अवाक्षर नाही."

"माणसाने माफी मागू नये का?"

"मागावी की. पण अल्लाहशी एवढं बोलणं चाललंय आणि तरी चेहरा हा असा, म्हणजे भानगड त्याच्याशी नाहीच. भानगड कुणातरी माणसाशी आहे. तिथे जायची छाती होत नाही म्हणून इथे चकरा मारताय." तिने पुढची वही उघडली. "मुलंही असंच करतात. खिडकी फोडतात एकाची आणि सॉरी म्हणतात बाईंना."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायकोचं म्हणणं लगेच मान्य करण्याची चूक उस्तादाने कधी केली नव्हती. तो "हं" म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर मशिदीतून तो नेहमीसारखा घाईने निघाला नाही.

इमामसाहेब दाराशी उकिडवे बसून चपलांच्या रॅकची निखळलेली फळी स्क्रूने बसवत होते. मोठ्या अंगाचा, शांत माणूस. उस्तादाने फळीचं दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं. लॅकरचा ठिपका, मधली बैठक, न सांगता उरकलेली नमाज.

"ठिपका दिसेपर्यंत तुमची काही चूक नाही," इमामसाहेब म्हणाले. "दिसल्यापासून सलामापर्यंत मात्र आहे. त्याची तौबा केलीत?"

"रोज करतोय."

"मग तो दयाळू आहे, खात्री बाळगा. पण त्या सात जणांची नमाज झालेली नाही. ती पुन्हा पढायला त्यांना सांगावं लागेल."

"इमामसाहेब, माणसाने आपलं पाप चव्हाट्यावर मांडू नये, झाकावं, असंही आहे ना?"

"आहे. आपलं पाप झाका. त्यांची नमाज झाकू नका, ती तुमची नाही." त्यांनी स्क्रू आवळला. "मनात काय आलं, कान कसे तापले, ते नका सांगू. वुझू नव्हता, नमाज पुन्हा पढा, एवढं सांगा. यात अवघड काय?"

"अवघड असं," उस्ताद म्हणाला, "की त्याच दिवशी, पाचच मिनिटं आधी, मी एकाला रांगेतून परत पाठवलं होतं. नखाला पुट्टी होती म्हणून. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

इमामसाहेबांचा हात थांबला. "पुट्टी होती? त्याने काढायचा प्रयत्न केला नव्हता?"

"केला होता. दुपारपासून घासत होता म्हणे."

"म्हणे की खरंच?"

उस्तादाला ती लाल, सोलवटलेली बोटं दिसली. "खरंच," तो म्हणाला. "कातडी निघाली होती."

इमामसाहेबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग त्याचा वुझू झाला होता. ज्याचं कामच असं आहे, ज्याने होईल तेवढं घासलं, आणि तरी जे चिकटून राहिलं, ते माफ आहे. कातडी सोलून काढा असं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. तुमचा ठिपका कसा निघाला?"

"नखाने. एका झटक्यात."

"हं," इमामसाहेब म्हणाले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. त्या दिवशी त्या खोलीत ज्याचा वुझू झाला होता त्याला उस्तादाने बाहेर काढलं होतं, आणि ज्याचा झाला नव्हता तो पुढे उभा होता. उस्तादाच्या पायाखालची वाळू सरकली. आठ दिवस तो मनगटावरच्या ठिपक्याची माफी मागत होता. खऱ्या पापाची त्याने आठवणसुद्धा काढली नव्हती.

"त्याची माफी कुणाकडे मागू?" त्याने विचारलं.

"ज्याला घालवलंत त्याच्याकडे. अल्लाह स्वतःच्या हक्कातलं सगळं सोडून देतो. माणसाच्या हक्कातलं त्या माणसाला विचारल्याशिवाय सोडत नाही."

गॅरेजमध्ये उस्ताद दिवसभर गन हातात घेऊन उभा होता आणि एकही गाडी धड रंगवत नव्हता. डेंटरशी कोपऱ्यात हळूच बोलावं तर त्याला ऐकू जाणार नाही. ऐकू जाईल असं बोलावं तर सगळ्या गॅरेजला ऐकू जाणार. चिठ्ठी लिहून द्यावी, असा एक सुपीक विचारही त्याच्या डोक्यात येऊन गेला. पण घालवताना ओरडायचं आणि माफी मागताना चिठ्ठी द्यायची, हे त्याचं त्यालाच पटेना. शेवटी असरची वेळ झाली. चटया अंथरल्या गेल्या. उस्ताद टायरच्या खोलीत न जाता सरळ कॉम्प्रेसरकडे गेला, त्याने बटण बंद केलं आणि तो डेंटरसमोर जाऊन उकिडवा बसला.

कॉम्प्रेसर थांबला की गॅरेज एकदम गप्प होतं. लोक काय झालं ते बघायला आले.

"भाऊ!" उस्ताद ओरडला. "त्या गुरुवारी मी तुम्हाला परत पाठवलं. ते माझं चुकलं!"

डेंटरने हातोडी खाली ठेवली. "अं?"

"तुमचा वुझू झाला होता! पुट्टी तुम्ही घासली होती, नाही निघाली, ते माफ आहे! इमामसाहेबांना विचारून आलोय! मी न विचारता तुम्हाला हाकललं!" दम घ्यायला तो थांबला. आता थांबलो तर पुन्हा बोलायचो नाही, हे त्याला कळत होतं. मागे वळून त्याने फ्यूजकडे आणि बाकीच्यांकडे बघितलं. "आणि तुम्ही सगळे ऐका. त्या दिवशी माझ्या मनगटावर लॅकर होता. वुझू माझा नव्हता. नमाजेत असतानाच मला कळलं आणि मी सांगितलं नाही. तुमची ती असर झालेली नाही. पुन्हा पढायची आहे."

कुणी हसलं नाही. घासकाम करणाऱ्या दोघा भावांपैकी धाकटा "या अल्लाह" म्हणाला, एवढंच. फ्यूजचं तोंड उघडलं, आता हा तापणार असं सगळ्यांना वाटलं, पण उस्तादाच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते पुन्हा मिटलं. तपासणी नाक्याची अशी झडती होईल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं आणि आता ती बघवतही नव्हती.

डेंटर मात्र उस्तादाकडेच बघत होता. त्याने सावकाश विचारलं, "म्हणजे ते तुमचं तुम्हीच बोलला होतात?"

"म्हणजे? मीच बोललो!"

"मला वाटलं, ते तुम्ही नाही बोललात." डेंटरला आपला आवाज केवढा येतो ते कळत नसे, हळू बोलतोय असं त्याला वाटायचं आणि ते लांबवर ऐकू जायचं. "उस्ताद, हे काम मला माझ्या अब्बांनी शिकवलं. एका शब्दावरून भांडलो आणि घर सोडलं. ते गेले तेव्हा निरोप आला होता. एका तासाच्या अंतरावर होतो. अकडीत राहिलो, मातीलाही गेलो नाही. एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून नमाज नाही, काही नाही. उभं कोणत्या तोंडाने राहायचं? यंदा सून म्हणाली, अब्बा, तुम्ही दार वाजवून तर बघा. तिने वुझू कागदावर लिहून नळावर चिकटवून दिला. आठवडाभर शिकलो. मग त्या दिवशी आलो." त्याने नाक ओढलं. "तुम्ही जा म्हणालात. मला वाटलं, उत्तर आलं. वरून. एकतीस वर्षांनी दार वाजवलं आणि तो म्हणाला, जा."

उस्तादाला रडू आवरेना. तो डेंटरच्या पत्र्याच्या कातरणांत गुडघे टेकून बसला आणि पोरासारखा रडला. मग सदऱ्याच्या बाहीने त्याने तोंड पुसलं आणि पुन्हा ओरडला, कारण ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"भाऊ, तो जा म्हणत नाही! कुणालाच म्हणत नाही! ते मी म्हणालो! माझं बोलणं त्याच्या नावावर घालू नका. मला माफ करा!"

"तुम्हाला माफ करणारा मी कोण? माझंच अजून..."

"तुम्हीच! तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. मी आठ दिवस त्याच्याकडे मागतोय. हे त्याने तुमच्या हातात ठेवलंय. तुम्ही सोडल्याशिवाय तोही सोडत नाही."

"माझ्या हातात?" डेंटर म्हणाला.

हे त्याला नवीन होतं. एकतीस वर्षं तो फक्त मागणाऱ्याच्या जागेवर होता, तीही लांबून. देण्याजोगं आपल्याकडे काही असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग हातोडीवाला माणूस जसं बोलेल तसं बोलला.

"मग केलं. उठा आता, कातरणं टोचतील."

उस्ताद उठला. डेंटरचा हात धरून त्यालाही त्याने उठवलं. "भाऊ, त्या गुरुवारची असर आपल्या कुणाचीच झालेली नाही. तुमचीही नाही, यांचीही नाही. मी माझी कोपऱ्यात उरकली, पण आजच्या असरआधी ती तुमच्या मागे पुन्हा पढेन. तुम्ही पढवा."

डेंटर घाबरला. "मी? मला कुराणातल्या दोनच सूरा येतात!"

"तेवढ्या पुरतात!"

"उस्ताद," फ्यूज मध्ये पडला, "तुम्ही असताना..."

"मी मागे आहे," उस्ताद म्हणाला. "चल, रांग सरळ कर."

वुझू करायला सगळे मोरीवर गेले. कुणी कुणाचे हात बघितले नाहीत. डेंटर पुढे उभा राहिला, पाय नीट जुळवले, मागे वळून एकदा खात्री करून घेतली की खरंच सगळे त्याच्याच मागे आहेत, आणि मग त्याने हात कानांपर्यंत उचलले. असर मनातल्या मनात पढतात, त्यामुळे त्याच्या दोन सूरा कशा गेल्या ते कुणाला कळलं नाही. पहिल्या तीन रकाती बऱ्याच वेगाने झाल्या. शिकाऊ माणूस गाडी चालवताना जसा ब्रेकच विसरतो तसं काहीसं. चौथीच्या शेवटच्या सजद्यात मात्र तो गेला आणि उठेना.

मागची आठही कपाळं चटईवर होती. पुढून 'अल्लाहु अकबर' आल्याशिवाय मागच्याला उठता येत नाही. एक मिनिट गेलं. आणखी एक गेलं. बाहेर कुणीतरी गाडी न्यायला आलेला माणूस हॉर्न वाजवत होता. इमामाने सजदा फार लांबवू नये, मागे आजारी, कामाची माणसं असतात, हा नियम उस्तादाला तोंडपाठ होता आणि त्याने तो अनेकांना सुनावला होता. आज तो त्याला आठवला आणि त्याने तो सोडून दिला. पुढून दबलेलं रडणं ऐकू येत होतं, शब्द नव्हते. उस्तादाने ते थोडा वेळ ऐकलं, आणि मग तोही मागू लागला. एकतीस वर्षांचा मागणारा पुढे होता, मागे रांगेत आपण, आणि दोघांचं एकाच जागी पोहोचतंय. ते पोहोचलं याबद्दल त्याला या वेळी खरोखरच शंका नव्हती.

शेवटी डेंटर उठून बसला. सलाम उजवीकडे, सलाम डावीकडे. तो मागे वळला. डोळे लाल झाले होते, कपाळावर चटईचे वळ उठले होते. आपण हळू विचारतोय असं समजून त्याने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "उस्ताद, झाली का बरोबर?"

सगळ्यांनी उस्तादाकडे बघितलं. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर देण्याचं काम त्याचंच होतं.

"मला काय विचारता, भाऊ?" उस्ताद ओरडला. "मी तुमच्या मागे होतो. तुमच्यामागे माझी झाली."